सुंदरम्मांच्या हाताचा आवाज

शिवानंदच्या भाकऱ्या गोल होत्या, हा लोकांचा पहिला आक्षेप होता. एखादी भाकरी गोल असली तर करणारीचं कौतुक होतं. सगळ्याच गोल असल्या की संशय येतो. सात रस्त्याजवळच्या त्याच्या दुकानात येणारी माणसं भाकरी हातात घेत, उजेडाकडे धरत, कडेवरून बोट फिरवत आणि विचारत, "हाताची हाय का मशीनची?" शिवानंद खरं बोलणारा माणूस होता आणि धंद्यात नवा होता. तो सांगायचा, "मशीनची." मग माणसं भाकरी परत टोपलीत ठेवत आणि आजाऱ्याला भेटून निघावं तशा चेहऱ्याने निघून जात.

याआधी तो टेंभुर्णीच्या एका कारखान्यात यंत्रांची देखभाल करायचा. नोकरी चांगली होती, पण सोलापुरात वकिलांपासून हॉटेलवाल्यांपर्यंत सगळ्यांना दुपारी ज्वारीची गरम भाकरी लागते आणि ती थापायला माणूस मिळत नाही, हे एकदा त्याच्या डोक्यात बसलं ते निघेना. त्याने नोकरी सोडली आणि कोईमतूरहून भाकरीचं मशीन आणलं. एका बाजूने पिठाचा गोळा घातला की दुसऱ्या बाजूने फुगलेली भाकरी बाहेर पडायची. म्हणजे पडायला हवी होती. पहिले तीन आठवडे पापड पडले. पुढचे पंधरा दिवस भाकऱ्या आतच अडकून जळत राहिल्या आणि शेजारचे दुकानदार धूर बघून चौकशीला येत राहिले. शिवानंदने मशीन चार वेळा पूर्ण खोललं, चार वेळा जोडलं. दसऱ्याच्या आसपास भाकरी एकदाची जमली. त्यानंतर अडचण एवढीच उरली, की ती कुणी घेईना.

टीकाकार शोधायला त्याला लांब जावं लागत नव्हतं. घरात दोन होते. एक त्याची आई, सुंदरम्मा. सगळे त्यांना अव्वा म्हणत. बाळीवेशीतल्या त्यांच्या गल्लीत भाकरीचा विषय निघाला की अव्वांचं नाव निघायचंच. लग्न होऊन गेलेल्या मुली माहेरी आल्या की आईला भेटून झाल्यावर अव्वांच्या घरी भाकरी खायला यायच्या. अव्वांनी मशीनची भाकरी एकदा हातात घेतली होती, दोन्ही बाजूंनी बघितली होती आणि "पुठ्ठा" एवढा एकच शब्द उच्चारला होता. त्यांनी दुकानात पाऊल टाकलं नव्हतं.

दुसरे टीकाकार काका. गुरुसिद्धप्पा हे शिवानंदच्या वारलेल्या वडिलांचे धाकटे भाऊ. लग्न केलं नाही, वेगळी चूल मांडली नाही, चाळीस वर्षं वहिनींच्या हातचं खाल्लं आणि चाळीस वर्षं त्यात काही ना काही उणं काढलं. सात रस्त्याची जागा त्यांचीच होती. आधी तिथे त्यांचं कापडाचं दुकान होतं. पुतण्याला त्यांनी ती श्रावणात सहा महिन्यांसाठी वापरायला दिली होती. माघी पौर्णिमेपर्यंत बस्तान बसलं तर ठीक, नाही तर जागा मंजुनाथला. मंजुनाथ मोबाईलची कव्हरं विकायचा आणि अधूनमधून दुकानासमोर उभा राहून आपली पाटी कुठे लागेल याचा अंदाज घ्यायचा. "तुझ्या बापानं जन्मात मशीनची भाकरी खाल्ली न्हाय," काका म्हणायचे. "मला डोळे बांधून एक घास दे, हाताची कुठली न् यंत्राची कुठली, सांगतो की न्हाय बघ."

शिवानंदला याचं फार वाईट वाटत नसे, कारण तो स्वतः मनातून काकांच्याच बाजूचा होता. रात्री घरी आल्यावर तो दुपारी करून ठेवलेली अव्वांची भाकरी खायचा आणि प्रत्येक घासाला खचत जायचा. बायकोला, काव्याला, हळूच म्हणायचा, "हा पापुद्रा बघ. हे मशीनला जमायचं नाही." काव्या दिवसभर शाळेत मुलांना शिकवून दमलेली असायची, ती म्हणायची, जेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा मशीनचं झाकण उघडून बसायचा.

बांधील गिऱ्हाईक म्हणावं असं एकच होतं. घरामागच्या बसम्मा. दसऱ्यापासून त्या रोज अकराच्या सुमाराला पिशवी घेऊन यायच्या, बारा भाकऱ्या फडक्यात गुंडाळून घ्यायच्या आणि एक शब्द न बोलता रिक्षात बसायच्या. शेजारधर्म म्हणून ही बाई एवढा खटाटोप करते, या विचाराने शिवानंदला भरून यायचं.

पौषात एके दिवशी नागव्वा नावाच्या एक म्हाताऱ्या बाई दुकानात आल्या. भाकरीला हात लावायच्या आधी त्या डोळे मिटून उभ्या राहिल्या. बराच वेळ झाला तेव्हा शिवानंदने पाणी हवंय का म्हणून विचारलं.

"पाणी नगं. आवाज कुटं हाय?"

"कसला आवाज, आजी?"

"थापल्याचा. जितं थापल्याचा आवाज न्हाय तितली भाकरी आमी खात न्हाय," असं म्हणून त्या पायऱ्या उतरून गेल्या.

त्याच आठवड्यात शिवानंद काही कागद न्यायला भर दुपारी घरी आला. काका बाहेरच्या खोलीत आरामखुर्चीत बसले होते आणि आतून थप थप थप थप असा आवाज येत होता. काकांनी एक बोट वर करून त्याला दारातच थांबवलं. देवळात आरती चालू असताना थांबवतात, तसं. "ऐक," ते म्हणाले. "ह्याला भाकरी म्हणतात. तुझं यंत्र असला आवाज काढतं का?" शिवानंदने प्रामाणिकपणे नाही म्हणून सांगितलं, आणि तिथेच, एक पाय उंबऱ्याच्या आत आणि एक बाहेर असताना, त्याला धंद्याची नस सापडली. लोकांना भाकरी नको होती असं नाही. लोकांना ती ऐकायची होती.

अव्वांना विचारायची सोय नव्हती. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा दुपारी घरी आला, पाणी प्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेला, अव्वांची पाठ वळल्यावर मोबाईल डाळीच्या डब्याआड उभा करून आवाज रेकॉर्ड करायला लावला आणि बाहेर येऊन काकांशेजारी बसला. आतला आवाज सुरू झाला. काकांना सोबत मिळाल्याने तेही खुशीत होते. दोघे दीड तास बसून राहिले. आतला आवाज मधूनमधून मंदावायचा, काका खाकरायचे, की पुन्हा जोरात सुरू व्हायचा. कामाला वाघ आहे आपली आई, असं शिवानंदला वाटलं आणि उगाच डोळ्यांत पाणी आलं.

दुकानात भाकरीच्या टोपलीमागे त्याने एक जाड पडदा लावला आणि पडद्यामागे छोटा स्पीकर ठेवला. दुपारी बाराला मोबाईल सुरू करायचा, खिशात टाकायचा आणि आत मशीनपाशी जायचं, अशी रीत ठरली. रेकॉर्डिंगची पहिली दहा मिनिटं त्याने तपासून पाहिली होती. थप थप, तव्यावर पाण्याचा चर्र आवाज, पुन्हा थप थप. पुढचं ऐकायची गरज त्याला वाटली नाही. भाकरी थापण्यात पुढे वेगळं काय होणार?

गल्ल्यावर धनाजी असायचा. सांगोल्याकडचा, चाळिशीचा, विचारल्याशिवाय न बोलणारा माणूस. पहिल्या दिवशी त्याने पडद्याकडे पाहिलं, मालकाकडे पाहिलं आणि टोपलीवरचं फडकं सारखं केलं.

उपाय लागू पडला. पायऱ्या चढणारी माणसं पडद्याकडे कान देऊन थांबायची, एकमेकांकडे बघून मान हलवायची आणि भाकऱ्या मागायची. गोल भाकरीबद्दलचा संशय मिटला. उलट "काय हात हाय बाईचा, सगळ्या एकसारख्या" अशी तारीफ सुरू झाली. हाताची की मशीनची, असं आता कुणी विचारत नव्हतं, त्यामुळे शिवानंदला खोटंही बोलावं लागत नव्हतं. नागव्वाही परत आल्या, डोळे मिटून उभ्या राहिल्या आणि सहा घेऊन गेल्या.

पहिल्या आठवड्यात दुपारची गर्दी वीस मिनिटांत संपायची. शिवानंद मोबाईल बंद करायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. पण धंदा वाढला तशी गर्दीही लांबत गेली. वीसची तीस मिनिटं झाली, तिसाची चाळीस झाली. शिवानंदने याचा अर्थ यश असाच घेतला, आणि तो चुकीचा नव्हता. फक्त चाळिसाव्या मिनिटाला बसम्मा मागच्या दाराने स्वयंपाकघरात आल्या होत्या, हे त्याला माहीत नव्हतं.

तिथून पुढे थापण्याच्या आवाजात दोन बायकांच्या गप्पा मिसळल्या होत्या. अव्वा घरात जशा बोलत तशाच बोलत होत्या, अर्ध्या मराठीत, अर्ध्या कानडीत आणि कुणाचीही भीड न ठेवता. गल्लीतल्या वीरभद्रप्पांनी मुलाच्या लग्नात वाढलेली होळगी, म्हणजे पुरणपोळी, दाताने तुटत नव्हती म्हणून पाहुण्यांनी पानाखाली लपवून कशी ठेवली, इथपासून सुरुवात होती. मग आपल्याच पोराबद्दल मत होतं. नोकरी सोडून मशीनच्या मागे लागलाय, पोटच्या पोरीला जपणार नाही एवढा त्या लोखंडाला जपतोय, असं. दुकानात उभे असलेले लोक हे सगळं कान टवकारून ऐकत. भाकऱ्या घेऊन झाल्यावरही हलत नसत, आणि नुसतं उभं राहणं बरं दिसत नाही म्हणून आणखी चार घेत. त्यामुळे गर्दी पन्नास मिनिटांवर गेली आणि मग तासापुढे.

शिवानंदला आत मशीनच्या घरघरीत यातलं काही ऐकू येत नव्हतं. एकदा एका वकिलाने निघताना त्याला आवर्जून बोलावून सांगितलं, "तुमच्या आई फार स्पष्टवक्त्या आहेत हो." शिवानंदने हात जोडून आभार मानले. बाहेर मधूनच हशा पिकतो, तो कशाचा म्हणून त्याने धनाजीला एकदा विचारायचं ठरवलं होतं, पण तेवढ्यात पट्टा सरकला आणि राहून गेलं.

माघी पौर्णिमा आली. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत जागेचा निकाल लागायचा होता. शिवानंदला वाटत होतं, काकांनी एकदा येऊन ही रांग बघावी, म्हणजे बोलायला जागा उरणार नाही. पण काकांना रांगेचं कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांना पाऊण वाजता वीरभद्रप्पांचा फोन आला आणि त्यांनी निराळंच सांगितलं. ते म्हणाले, तुमच्या वहिनी सात रस्त्याच्या दुकानात पडद्याआड बसून भाकरी थापतात आणि थापता थापता माझ्या घरच्या लग्नाची अब्रू काढतात.

"शक्य न्हाय," काका म्हणाले. "वहिनी घरात हायत. आत्ता थापतायत. मला आवाज येतोय."

"मला पण येतोय की," वीरभद्रप्पा म्हणाले. "मी दुकानातच उभा हाय." आणि त्यांनी फोन पडद्याकडे धरला.

काकांच्या एका कानात घरातलं थप थप आणि दुसऱ्या कानात दुकानातलं थप थप असा प्रकार सुरू झाला. उठून चार पावलं टाकून स्वयंपाकघरात डोकावणं हा सोपा मार्ग होता, पण चाळीस वर्षांत ते स्वयंपाकघरात गेले नव्हते आणि आज जायचं काही कारण त्यांना दिसलं नाही. त्यांनी काठी घेतली, वाटेत मंजुनाथला बरोबर घेतलं आणि ते सात रस्त्याला निघाले. मंजुनाथने मापाची टेप खिशात टाकली.

नेमक्या त्याच दिवशी बसम्मांना उशीर झाला होता. रोज अकराला येणारी बाई एकला आली, आणि पायरीवर पाय ठेवते तो पडद्याआडून स्वतःचाच आवाज ऐकू आला. बसम्मा भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्या होत्या, पण हे भूत होळगीबद्दल बोलत होतं आणि शब्दन् शब्द त्यांच्या ओळखीचा होता. भाकऱ्या न घेताच त्या त्याच रिक्षाने परत फिरल्या आणि मागच्या दाराने आत जाऊन अव्वांना सगळं सांगितलं. अव्वांनी फक्त एवढंच विचारलं, की बोलणं कुठपर्यंत आलंय.

"होळगीपातूर."

अव्वांनी मनातल्या मनात त्या दिवसाचं बोलणं पुढे पुढे नेलं. होळगीनंतर पोराचं, पोरानंतर भावजींचं, आणि भावजींनंतर... त्यांनी हात पदराला पुसले आणि डोक्यावर पदर घेत रिक्षाकडे जवळजवळ धावत निघाल्या. रिक्षावाल्याला त्या वाटभर घाई करत होत्या.

इकडे दुकानात काकांना लोकांनी अदबीने वाट करून दिली. धनाजीने स्टूल पुढे केलं. काका बसले आणि पहिलंच वाक्य आलं ते त्यांच्यावरच. पडद्याआडच्या अव्वा सांगत होत्या, की भावजींना चवीचं काही कळत नाही, नुसती जीभ चालते. मऊ केली तर कच्ची म्हणतील, कडक केली तर दात दाखवतील, आणि एवढं सगळं बोलून तीन खातील. लोक हसू दाबत छताकडे बघू लागले. काकांनी काठी दोन्ही हातांनी धरली. मंजुनाथने प्रसंग ओळखून टेप काढली आणि दाराची रुंदी मोजायला घेतली.

तेवढ्यात अव्वा दारात उभ्या राहिल्या. आता मोठी चमत्कारिक परिस्थिती झाली. अव्वा समोर होत्या आणि अव्वा पडद्यामागेही थापत होत्या. लोकांनी एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे. रांगेतल्या नागव्वांनी पुढे होऊन पडदा बाजूला सारला. स्टुलावर, टॉवेलच्या घडीवर, वीतभर स्पीकर बसला होता.

"शिवानंद, बंद कर ते," अव्वा म्हणाल्या.

शिवानंद आतून बाहेर आला. आईला दुकानात बघून त्याला क्षणभर आनंद झाला, आणि पडदा बघून तो तितक्याच लवकर विरला. त्याने खिशातून मोबाईल काढला. हाताला कोपरापर्यंत पीठ लागलं होतं. मोबाईलला त्याचं बोट ओळखू येईना. त्याने बोट पॅंटला पुसलं, पॅंटलाही पीठच होतं. अव्वांनी स्पीकरवर एक चापट मारली. तो खाली पडला आणि पडल्या जागेवरून आणखी खणखणीत आवाजात थापू लागला. अव्वांनी तो पदरात गुंडाळायला घेतला तेव्हा काकांनी काठी आडवी केली.

"राहू द्या, वहिनी. माझ्याबद्दल आणखी काय काय म्हणालाय ते ऐकू द्या की."

"तुमच्याबद्दल संपलं, भावजी. पुढं काय न्हाय," अव्वा म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका बारीक झालेला शिवानंदने कधी ऐकला नव्हता.

स्पीकरमधून बसम्मांचा आवाज आला. "अव्वा, आता पुरं करा की. बारा भाकऱ्यांना कुणी दीड तास थापतं काय?"

"हळू बोल," स्पीकरमधल्या अव्वा म्हणाल्या. "भायेर भावजी बसलेत. आज शिवानंद बी बसलाय त्यांच्यासंगं, का कुणास ठावं. दोघं उठल्याबिगर थांबता येत न्हाय."

"पण फडक्यावर थापून थापून हात सुजंल तुमचा."

"सुजलाच हाय. दसऱ्यापासनं मनगटात जोर न्हाय बघ. खरी भाकरी उचलत न्हाय, फडकं तेवढं थापता येतंय." मग थोडा वेळ नुसतं थप थप. "तू आणलेल्या आज लई झ्याक हायत. पापुद्रा बघ कसा सुटलाय. पोरगं शिकलं. त्याला सांगू नगंस हां. माझं दुखणं कळलं तर दुकान सोडून घरात बसंल माझ्यापाशी. आन् मशीनची खातोय हे भावजींना कळलं तर दुकानच काढून घेतील."

रेकॉर्डिंग तिथे संपलं. मोबाईलने शिवानंदचं बोट नेमकं त्याच वेळी ओळखलं, पण आता बंद करायला काही उरलं नव्हतं.

शिवानंद हातातल्या मोबाईलकडे बघत उभा राहिला. बसम्मांच्या बारा भाकऱ्या कुठे जात होत्या ते त्याला कळलं. रात्री ज्या पापुद्र्यापुढे तो चार महिने हार मानत होता, तो त्याचाच होता. आपणच केलेल्या भाकरीची बरोबरी करण्यासाठी आपण रोज सकाळी मशीन खोलत होतो, हेही कळलं. पण या सगळ्याच्या आधी त्याला कळलं ते आईचं मनगट. बाहेरच्या खोलीत बसून त्याने दीड तास तिला सुजल्या हाताने फडकं बडवायला लावलं होतं, आणि कामाला वाघ म्हणून कौतुकही केलं होतं. तो पुढे गेला आणि त्याने अव्वांचा उजवा हात हातात घेतला. अव्वांनी तो ओढून घेतला आणि पीठ लागतंय म्हणून त्याच्यावरच चिडल्या.

काका स्टुलावर तसेच बसले होते. सगळ्यांचं लक्ष आता त्यांच्याकडे होतं. पहिल्या नागव्वाच बोलल्या, कारण त्यांच्या वयाला काही बोललेलं चालत होतं.

"म्हंजे गुरुसिद्धप्पा, चार महिनं तुमी मशीनचीच खाताय की."

"मला पहिल्या दिवशीच कळलं होतं," काका म्हणाले.

"मग खाल्लीसा कशी?"

पहिल्या दिवशी कळलं होतं असं म्हणावं, तर कळूनही चार महिने आवडीने खाल्ली असं होत होतं. कळलं नव्हतं म्हणावं, तर सोलापुरातल्या सगळ्यांत चिकित्सक जिभेला फरक कळत नाही असं होत होतं. दोन्ही बाजूंनी भाकरीच चांगली ठरत होती. काकांनी उभं आयुष्य कापड विकण्यात घालवलं होतं. गिऱ्हाईक घेतल्याशिवाय जात नाही ती वेळ त्यांना बरोबर ओळखता यायची, फक्त या वेळी गिऱ्हाईकाच्या जागी ते स्वतः होते.

रांगेतल्या लोकांनाही हे गणित समजायला फार वेळ लागला नाही. एकाने धनाजीला दहा भाकऱ्या मागितल्या आणि स्वच्छ आवाजात वर सांगितलं, "मशीनच्या द्या. गुरुसिद्धप्पा खातात तसल्या." मागून आणखी दोघांनी तेच सांगितलं. धनाजी मोजून देऊ लागला. इतके दिवस हे चालू होतं ते मला आधी का सांगितलं नाहीस, असं शिवानंदने त्याला दबल्या आवाजात विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "मला वाटलं, तुमीच मुद्दाम लावलंय. धंद्यात कायबी करत्यात माणसं."

मंजुनाथ टेप हातात घेऊन दारातच उभा होता. काकांनी त्याच्याकडे बघून नकाराची मान हलवली. टेप सर्रकन आपल्या डबीत शिरली. इतक्या लांब आलोच आहोत तर, असं काहीसं पुटपुटत मंजुनाथ रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला.

अव्वा मात्र टोपलीपाशी गेल्या होत्या. त्यांनी एक भाकरी उचलून दुमडून पाहिली आणि आजच्या भाकरीची कड जरा जाड आहे, तवा कमी तापला असावा, असं धनाजीला बजावलं. धनाजीने व्हय म्हटलं. शिवानंदने तव्याचं तापमान लगेच वाढवतो म्हटलं. पुठ्ठा हा शब्द त्या दिवशी कुणाच्या तोंडून निघाला नाही.

काका काठी टेकत उठले. निघताना ते पुतण्यापाशी थांबले, पण बघत होते रस्त्याकडे.

"उद्यापासून बसम्माला हेलपाटा नको. बारा भाकऱ्या सरळ घरी पाठवत जा. आन् वहिनींना सांग, ते थापणं बंद करा म्हणून. रोज दुपारी माझी झोप मोडते."

एवढं बोलून ते पायऱ्या उतरले आणि वहिनींसाठी रिक्षा थांबवायला भर उन्हात चौकात जाऊन उभे राहिले.